शेरा

सकाळी सव्वासातला मी त्यांच्या दारात असते,
काउंटीची गाडी दोन घरं अलीकडे लावून,
कारण गाडीच्या दारावर आरोग्य खात्याचं नाव आहे
आणि शेजाऱ्यांना वाचता येतं.

ऊ सान ल्विन दार उघडतात.
मी बूट काढते, ते मान हलवतात.
मे महिन्यापासून आमच्यात एवढी एकच गोष्ट
दुभाष्याशिवाय समजलेली.

माझं काम सांगायला सोपं आहे:
एका माणसानं गोळ्या गिळल्या, हे बघायचं.
लाल कॅप्सूल, मग पांढऱ्या,
पाणी,
गळ्याची गाठ वर जाते, खाली येते.
मग फॉर्म. तारीख, वेळ, घेतल्या: होय.
शेवटी एक रकाना, शेरा.
तो मी रिकामाच ठेवत आले.

पहिल्या दिवशी सांगितलं होतं,
लघवी केशरी होईल, घाबरू नका,
घामही, आसवंसुद्धा.
फोनवरची दुभाषी आसवांपाशी अडखळली,
मग बरंच लांबलचक काही बोलली.
ते हसले.
काय सांगितलं असेल त्या बाईनं, मी अजून विचार करते.

औषधानं रंग पुसट होऊ शकतात,
म्हणून महिन्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवायचं.
बारा, आठ, एकोणतीस,
गादीच्या कारखान्यात शिकलेल्या इंग्रजीत
ते शाळकरी मुलासारखे मोठ्यानं वाचायचे.

दुपारी ऑफिस. मंगळवारी लसी,
गुरुवारी सिगारेट सोडण्याचा वर्ग,
तेच पाच जण, आणि तोच एक बाहेर पार्किंगमध्ये धूर काढणारा.
कधी शाळेत जाऊन पोरांच्या हाताला पावडर फासायची,
जांभळ्या दिव्याखाली नखं चमकतात.
हे जंतू खरे आहेत का, एकानं विचारलं.
नाही रे, नुसती पावडर.
केवढा हिरमुसला.

व्हरांड्यात पत्रकं अकरा भाषांत आहेत.
आपली नाही.
आपल्याला लागणार नाही असं कुणीतरी ठरवलंय,
किंवा आपणच.

आमच्याकडे या रोगाचं नाव तिथीलाही लागतं.
क्षयतिथी: जिनं एकही सूर्योदय पाहिला नाही ती.
चुकलेला डोसही असाच, मोजणीत धरत नाहीत,
शेवटाला नेऊन जोडतात.
घरात मात्र हा शब्द कुणी काढत नसे.
दिगूमामाला ‘छातीचं दुखणं’ होतं.
मिरजेहून तो बरा होऊन आला, तसा कागदही होता,
पण त्याचा कानतुटका कप
न्हाणीच्या खिडकीत उपडाच राहिला.
तोच विसळायचा, तोच ठेवायचा.
माझ्या लग्नात मांडवाच्या कडेला उभा होता,
कोटाच्या खिशात स्वतःचा कप.
मी पाहिलं. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते.
मी काही बोलले नाही.

आज शेवटचा डोस.
फोर्ट वेनला रात्री पहिला बर्फ पडलाय, ओला, न टिकणारा.
त्यांनी चहा केला. दोन कप.
एकाच्या दांड्यावर लाल ठिपका,
लेकीच्या नेलपॉलिशचा.
बिनठिपक्याचा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

आता तुमच्यापासून कुणाला लागत नाही,
हे मी जूनमध्येच सांगितलं होतं, दुभाषीतर्फे, दोनदा.
चित्रांचं पत्रक त्यांच्याच भाषेत आहे,
फ्रिजवर, आंब्याच्या चुंबकाखाली, सरळ लावलेलं.

रुग्णाघरी खाऊ-पिऊ नये, असा नियम आहे.
मी ठिपक्याचा कप उचलला.

ते एक शब्द बोलले.
मी फोन लावला नाही.
चहा फार गोड होता, वर मिठाची कणी,
आणि ते खिडकीकडे तोंड करून
बाहीनं डोळे टिपत होते.
बाहीवर केशरी आलं का, ते मी बघितलं नाही.

तारीख, वेळ, घेतल्या: होय.
शेरा: चहा घेतला.
कोणत्या कपातून, ते लिहायला जागा नव्हती.